उंचावर धापा टाकणारा डिझेल हीटर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: कॅम्पर व्हॅनमधला डिझेल हीटर खाली असताना पहिल्या प्रयत्नात पेटतो. ३२०० मीटरवर मात्र पांढरा धूर ओकतो, जेमतेम पेटतो आणि मिनिटभरात विझतो. पंप गेला असेल का?

पंप बदलायची घाई करू नका. तो बहुधा आपलं काम चोख करतोय, आणि अडचण नेमकी तीच आहे. पंप दर ठोक्याला ठरलेलं डिझेल ढकलतो. उंची बदलली म्हणून तो हात आखडता घेत नाही. पंखाही तेवढेच फेरे मारून तेवढीच लिटर हवा ओढतो, पण ती हवा विरळ असते. समुद्रसपाटीला घनमीटरभर हवेचं वजन साधारण १.२२ किलो असतं, ३००० मीटरवर ०.९१ आणि ४००० मीटरवर ०.८२. एक किलो डिझेल नीट जळायला साडेचौदा किलो हवा लागते. ३००० मीटरवर हवेचा चौथा हिस्सा गायब झालेला असतो, डिझेल मात्र पूर्ण येतं.

पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे न पेटलेलं डिझेल. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं. सुरुवातीला पांढरा धूर येऊन हीटर विझत असेल तर पेटवणीच कमजोर आहे: ग्लो प्लगला (तापून डिझेल पेटवणाऱ्या कांडीला) व्होल्टेज कमी पडतंय किंवा त्याच्याभोवतीची जाळी काजळीने बुजली आहे. नीट पेटून नंतर काळा धूर येत असेल तर हवा-डिझेलचं प्रमाण बिघडलंय. १५०० मीटरच्या खाली येऊन पुन्हा पेटवून पाहा. तिथेही धूर आला तर काजळी आधीच साचली आहे, उंचीने ती फक्त उघडी पाडली.

आणि एक कळकळीची विनंती: पेटत नाही म्हणून लागोपाठ पाच-सहा वेळा बटण दाबू नका. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात डिझेल आत साचतं आणि मग एकदम पेट घेतं.

प्रश्न: कंट्रोलरमध्ये पंपाचे ठोके आणि पंख्याचे फेरे बदलता येतात. किती बदलायचे?

आधी मोजा, मग बदला. हीटरकडची इंधन नळी सोडवून तिचं टोक मापाच्या सिरिंजमध्ये धरा. नळी भरण्याच्या मोडवर पंप चालवून ती पूर्ण भरू द्या, सिरिंज रिकामी करा आणि मग २०० ठोके मोजा. हजार ठोक्यांना २२ मिली देणारा पंप असेल तर ४.४ मिली यायला हवं, १६ मिलीचा असेल तर ३.२ मिली. दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला तर सेटिंगला हात न लावता आधी फिल्टर आणि नळीचे जोड तपासा. पंप कधी बदलला असेल तर त्याच्या अंगावरचा आकडाही वाचा. १६ च्या जागी २२ चा बसला असेल तर जवळजवळ ३७ टक्के जास्त डिझेल जातं. खाली ते कसंबसं खपून जातं, वर नाही.

माप बरोबर असेल तर मंद आणि पूर्ण आचेचा विचार वेगवेगळा करा. मंद आचेवर डिझेल आधीच इतकं कमी असतं की आणखी कमी केलं तर ज्योत टिकत नाही. म्हणून तिथे पंखा वाढवा: मिनिटाला १७०० फेरे असतील तर ३००० मीटरसाठी साधारण २३००. पूर्ण आचेवर पंखा आधीच कमाल वेगाजवळ असतो, तिथे पंप कमी करा: सेकंदाला ५ ठोके असतील तर ३.७ च्या आसपास. उष्णताही त्याच हिशोबाने घटते. ५ किलोवॅटच्या हीटरकडून ३.७ ची अपेक्षा ठेवा, विरळ हवेत त्याला इलाज नाही.

हे आकडे गाठायचे ते एका दमात नाही. एका वेळी ०.१-०.२ ठोके बदला, दहा-पंधरा मिनिटं थांबा, धुराड्याचं टोक बघा. मूळ आकडे कागदावर लिहून ठेवा आणि खाली उतरलात की परत टाका. हीटरमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर असेल किंवा कंपनीचं हाय अल्टिट्यूड किट, म्हणजे उंचीवर वापरायचा जोडसंच, मिळत असेल तर हाताने काही बदलू नका.

प्रश्न: संध्याकाळी पेटतो, पहाटे नाही. बॅटरी तर १२.३ व्होल्ट दाखवते.

ते व्होल्टेज हीटर बंद असतानाचं आहे. पेटताना ग्लो प्लग साधारण १० अँपिअर खेचतो, त्या वेळी हीटरला वायर जिथे जोडली आहे तिथेच मीटर लावा. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर जाऊन-येऊन १० मीटर असेल तर त्यातच ०.७ व्होल्ट जातात. त्यात थंडीने बॅटरी मरगळलेली, म्हणजे हीटर कमी व्होल्टेज समजून बंद होणारच. ६ चौरस मिलिमीटरची वायर टाकली की घट ०.३ व्होल्टवर येते.

मीटर ठीक दाखवत असेल तर डिझेलकडे बघा. खालून भरलेलं साधं डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखं गोठतं आणि आधी फिल्टर बुजतो. हिवाळी डिझेल भरा. पेट्रोल मिसळायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

प्रश्न: काजळी कशी काढायची?

थोडी असेल तर खाली उतरून अर्धा तास पूर्ण आचेवर चालवा, हीटरच्या पुस्तिकेत परवानगी असेल तर रॉकेलवर. जास्त असेल तर खोलावाच लागतो. ग्लो प्लग सिरॅमिकचा असेल तर सरळ ओढून काढा, तिरका दाब पडला की तुटतो. जाळी साफ करत बसू नका, नवीनच घाला. घालताना जाळीतलं भोक बर्नरच्या बारीक हवाछिद्रासमोर आलं पाहिजे. ते छिद्र बारीक तारेने मोकळं करा. बर्नरचं गॅस्केट दर वेळी नवं लागतं.

प्रश्न: हीटर लावून झोपलं की सकाळी डोकं दुखतं, मळमळतं. उंचीमुळेच ना?

असं गृहीत धरू नका. विरळ हवेचा त्रास आणि कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, दोन्हींची सुरुवात डोकेदुखी आणि मळमळीनेच होते. उंचीवर काजळीने भरलेला हीटर हा वायू जास्त तयार करतो. गाडीतल्या सगळ्यांना एकदम त्रास झाला किंवा बाहेर आल्यावर बरं वाटलं तर संशय पक्का धरा: हीटर बंद, दारं उघडी, सगळे बाहेर आणि लगेच डॉक्टर. बाहेर येऊनही त्रास थांबत नसेल तर उंचीचा त्रास समजून खालीही उतरावं लागेल.

ईएन ५०२९१-२ मानकाचा, म्हणजे अशा गाड्यांसाठीचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म झोपायच्या जागेजवळ लावा. जळणासाठीची हवा गाडीबाहेरूनच ओढली जाते ना, हे बघा. धुराड्याचे क्लॅम्प हाताने हलवून पाहा. जोडाशी काळा पट्टा दिसला तर तिथून धूर गळतोय. बर्फ पडत असेल तर झोपण्यापूर्वी धुराड्याचं तोंड मोकळं करा, आणि रात्री बर्फ वाढला तर हीटर बंद करून पुन्हा उकरा.