इंग्रजीत परफेक्ट टेन्ससोबत (म्हणजे हॅव/हॅज असलेल्या वाक्यात) 'सिन्स' की 'फॉर'?

आधी हे दोनच पक्के करा. काळाची सुरुवात सांगायची तर सिन्स: 'आय हॅव लिव्ड हिअर सिन्स 2019'. किती काळ ते सांगायचं तर फॉर: 'फॉर फाइव्ह इयर्स'. आपल्या तोंडी 'पाच वर्षांपासून' असल्यामुळे 'सिन्स फाइव्ह इयर्स' निघून जातं. सगळ्यात जास्त चूक हीच.

दुसरी चूक, 'आय अॅम लिव्हिंग हिअर सिन्स 2019'. इथे 'हॅव बीन लिव्हिंग' हवं.

'इन 2019' असा संपलेला काळ आला, की हॅव काढा: 'आय मूव्ड हिअर इन 2019'.

जागेबाबत एवढंच बघा: 'शी हॅज गॉन टू लंडन' म्हणजे अजून परतलेली नाही, 'हॅज बीन टू लंडन' म्हणजे जाऊन आली.