शाश्वतता अहवालातला मोठा आकडा ठरतो कुठे?

तुमचा प्रश्न असा की व्यापारधोरण आणि पायाभूत सुविधांचा कंपनीच्या शाश्वततेशी खरंच संबंध असतो का, की सगळं व्यवस्थापनाच्या मनावर असतं. मन लागतंच. पण अहवालातला मोठा आकडा, म्हणजे कार्बन उत्सर्जनाचा, बहुतेकदा दोन गोष्टींवर ठरतो: वीज कुठून येते आणि सीमेवर काय मोजलं जातं.

युरोपीय संघाचा सीबॅम घ्या, म्हणजे आयात मालाच्या उत्सर्जनावर सीमेवर लागणारा कार्बन आकार. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती. १ जानेवारी २०२६ पासून पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज यांच्या आयातीला कार्बनची किंमत लागू झाली. पैसे भरतो आयातदार, पण उत्सर्जनाचा हिशेब तो मागतो निर्यातदाराकडे. तो मिळाला नाही तर सरसकट ठरवलेले आकडे धरतात, आणि ते सहसा महागात पडतात. मग इतकी वर्षं पर्यावरण विभागात धूळ खात पडलेल्या तक्त्यांची विचारपूस विक्री विभाग करू लागतो. स्वयंस्फूर्त प्रतिज्ञांना हे जमलं नव्हतं.

आता यातली गोम. खनिजापासून एक टन अ‍ॅल्युमिनियम काढायला साधारण १३ ते १५ हजार युनिट वीज लागते. ती कोळशाची असेल तर बहुतांश उत्सर्जन तिथेच होतं. पण अ‍ॅल्युमिनियम आणि पोलादासाठी सीबॅम सध्या फक्त थेट, म्हणजे कारखान्यातच होणारं, उत्सर्जन मोजतो. विजेचं उत्सर्जन धरतात ते सिमेंट आणि खतांना. म्हणजे एक कारखाना धरणाच्या विजेवर आणि दुसरा कोळशाच्या, तरी सीमेवर दोघांत फारसा फरक दिसत नाही. ही मला मोठी पळवाट वाटते. जे मोजलं जात नाही त्यावर संचालक मंडळ खर्च मंजूर करत नाही.

वाहतुकीत तर कंपनीच्या हाती आणखी कमी. बंदराच्या धक्क्यावर वीजजोडणी नसेल तर नांगरलेलं जहाज स्वतःची जनित्रं चालवत राहतं. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात हल्ले सुरू झाले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, आणि त्या जास्तीच्या इंधनाचं उत्सर्जन माल पाठवणाऱ्यांच्या स्कोप ३ मध्ये, म्हणजे पुरवठादार, वाहतूक अशा इतरांकडून होणाऱ्या उत्सर्जनाच्या खात्यात, जमा झालं.

म्हणून उत्सर्जन घटवण्याचं लक्ष्य जाहीर करण्याआधी तुमच्या भागाच्या पारेषण वाहिन्यांचा आराखडा बघा. वाहिनीच नसेल तर सौरऊर्जेचा करार कागदावरच राहील. आणि सल्लागार नेमण्याआधी प्रत्येक भट्टीला वेगळं मीटर बसवा, कारण पडताळणीला येणारा आधी त्याच्या नोंदी मागतो.