भाषण नेत्याचं, जाब भावाला

“ताई, इतका शिकलेला, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावून जाणारा माणूस असल्या भाषणांना टाळ्या कशा वाजवू शकतो?”

2024 च्या उन्हाळ्यापासून 5 नोव्हेंबरला अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचं मतदान होईपर्यंत हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकला की त्यावर सविस्तर लिहायलाच हवं असं वाटू लागलं. मी न्यू जर्सीत समुपदेशन करते. एडिसन आणि आसपासच्या मराठी घरांतली बरीच माणसं माझ्याकडे येतात. कुणाचा राग नवऱ्यावर असतो, कुणाचा सासऱ्यांवर, कुणाचा मंडळातल्या वीस वर्षांच्या मित्रावर. आणि दोन्ही बाजूंची माणसं येतात, हे आधीच सांगते. ट्रम्प यांना मत देणारे एक गृहस्थ माझ्यासमोर बसून रडले, कारण कॉलेजात जाणारा मुलगा त्यांना जेवणाच्या टेबलावर ‘फॅसिस्ट’ म्हणाला होता. “टीव्हीवर त्या नेत्याला म्हणतात तो शब्द माझ्या पोरानं मला लावला,” ते म्हणाले.

हे काही आपल्याच लोकांचं नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन दरवर्षी ताणतणावाची पाहणी करते. अध्यक्षीय निवडणूक हे मोठ्या ताणाचं कारण आहे असं म्हणणारे 2016 साली 52 टक्के होते, 2020 साली 68 आणि 2024 साली 69. पण आपल्याकडे आणखी एक भर पडते. इथे नात्यातली माणसं मुळातच मोजकी. त्यातल्या एकाशी बोलणं बंद झालं तर दिवाळीला जायचं कुणाकडे, इथपासून प्रश्न सुरू होतात.

यातल्याच एका बाईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

चाळिशी ओलांडलेल्या, एडिसनमध्ये राहणाऱ्या, बँकेत जबाबदारीची नोकरी करणाऱ्या. थोरला भाऊ पेनसिल्व्हेनियात, अ‍ॅलनटाऊनला. गाडीनं सव्वा तासाचं अंतर. घरच्या गौरी दादाकडे बसतात. त्या वर्षी गौरी आवाहन 10 सप्टेंबरला आलं आणि त्याच रात्री नऊ वाजता फिलाडेल्फियात ट्रम्प आणि कमला हॅरिस यांची वादचर्चा होती. आरती झाली, जेवणं झाली, सगळे टीव्हीसमोर बसले. ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये बाहेरून आलेले लोक शेजाऱ्यांची कुत्री-मांजरं खातात, असं ट्रम्प म्हणाले. आणि दादा हसला.

“हसला, ताई! मोठ्यानं!” पहिल्या भेटीत हे सांगताना त्यांचा आवाज चिरकला होता. “तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं, असं काही घडल्याचा पुरावा नाही. ते हैतीचे लोक बहुतेक सगळे कायदेशीर कागदपत्रांवर राहणारे. पुढच्या काही दिवसांत बॉम्बच्या धमक्या आल्या, शाळा रिकाम्या कराव्या लागल्या. आणि माझा भाऊ हसतोय. वर मला म्हणतो, ‘अगं, त्याच्या बोलण्याकडे काय बघतेस, काम बघ. किराण्याचं बिल कुठे गेलंय ते बघ.’ आणि त्याचं मत पेनसिल्व्हेनियात! न्यू जर्सीचा कौल ठरलेला, माझं तिथलं मत असून नसून सारखं. तिथली अध्यक्ष ठरवणारी 19 इलेक्टोरल मतं देशाचा निकाल फिरवू शकतात.”

त्यांची माहिती चोख होती. खोट्या विधानाचा राग येणं हेही योग्यच होतं आणि मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं. समुपदेशक म्हटला की तो ‘राजकारण सोडा, शांत राहा’ म्हणणार, असं अनेकांना वाटतं. मी तसं म्हणत नाही. ज्या बोलण्यानं कुणाच्या मुलांची शाळा रिकामी करावी लागते, त्याचा राग न येणं हे काही निरोगी मनाचं लक्षण नाही. माझं काम तो राग कुणाच्या दारात जाऊन बसलाय हे पाहण्याचं.

इथे माझ्या पद्धतीबद्दल दोन शब्द. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारसरणीवर माझी भिस्त आहे. एलिस यांनी आपलं काम न्यूयॉर्कमध्ये उभं केलं. मुंबईच्या डॉ. कि. मो. फडके यांनी त्यांच्याशी अनेक वर्षं पत्रव्यवहार करून ती विचारसरणी मराठी माणसांपर्यंत आणली. तिचं सार असं, की घटना आपल्याला थेट पेटवत नाही. घटनेला आपण जो अर्थ चिकटवतो, तो पेटवतो. आता इथे घटना काय होती? दादा हसला, एवढीच. ‘दादाला हे सगळं पटतं, म्हणजे दादा तसाच आहे, म्हणजे मी त्याला कधी ओळखलंच नाही’ ही पुढची सगळी साखळी बाईंनी स्वतः जोडली होती.

त्यांना हे सांगून पटलं नसतं. हुशार माणसांना सांगून पटत नाही, त्यांना ते दिसावं लागतं. एका भेटीत मी खुर्ची बदलायला सांगितली.

“आता तुम्ही दादा व्हा. मी विचारते. दादा, तुम्ही ट्रम्पना मत का देताय?”

त्या ताठ बसल्या. “कारण ते अमेरिकेला पुन्हा महान करणार आहेत. सीमेवरून गुन्हेगारांचे लोंढे येताहेत.”

“हे प्रचारसभेतलं झालं. दादा तुमच्याशी मराठीत बोलतात ना? त्यांच्या तोंडचं सांगा.”

बराच वेळ काही आलं नाही. ज्या बाई उमेदवाराचं वाक्य कुठल्या सभेतलं, कुठल्या तारखेचं हे धडाधड सांगायच्या, त्यांच्याकडे सख्ख्या भावाचं एक वाक्य नव्हतं. किराण्याचं होतं, पण ते त्यांनी कधी ऐकूनच घेतलं नव्हतं. जून 2022 मध्ये महागाई 9.1 टक्क्यांवर गेली होती. अ‍ॅलनटाऊनमध्ये दोन मुलांचं घर एका पगारावर चालवणाऱ्या माणसाला ती बोचणारच. मी थांबले. अशा शांततेत घाईनं मदतीला धावायचं नाही, हे मला इतक्या वर्षांच्या कामानं शिकवलंय.

मग त्या खालच्या आवाजात बोलू लागल्या, आणि आता बोलणं खरंच दादाचं होतं. “आम्ही रांगेत उभे राहिलो गं. दहा वर्षं. 2008 साली अर्ज टाकला, 2018 साली ग्रीन कार्ड हातात आलं. बाबा गेले तेव्हा पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प संपलेला. गेलो असतो तर स्टॅम्पिंगसाठी तिथेच अडकलो असतो, नोकरी गेली असती. तू गेलीस. मी फोनवर मंत्र ऐकले.”

बोलता बोलता त्यांनी डोळ्यांना पदर लावावा तशा स्वेटरच्या बाह्या लावल्या. त्यांचे यजमान आधीपासून नागरिक, त्यामुळे त्यांना स्वतःला असली रांग लागलीच नव्हती. वडिलांच्या वेळी त्या पुण्याला गेल्या, दिवस केले, सगळं निस्तरलं, आणि दादा आला नाही याचा एक सल मनात ठेवून परतल्या. त्यावर भावाबहिणीत आजवर शब्द निघाला नव्हता. ‘रांग मोडून येणारे’ असं कुणी व्यासपीठावरून म्हटलं की दादाच्या मनात काय हलतं, हे त्यांना त्या खुर्चीत बसल्यावर पहिल्यांदा कळलं.

यानं कुत्र्या-मांजरांचं विधान खरं ठरत नाही. बाईही लगेच म्हणाल्या, “पण स्प्रिंगफील्डच्या लोकांचा यात काय दोष?” काहीच नाही. दादाचं दुःख खरं आणि ते विधान खोटं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात ठेवता येतात. मला तर वाटतं, प्रचाराच्या दिवसांत सगळ्यात अवघड आणि सगळ्यात गरजेचं काम हेच.

प्रचारातलं बोलणं कसं चालतं हेही मी अशा वेळी समजावून सांगते. 27 ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ट्रम्प यांच्या सभेत एका विनोदी कलाकारानं पोर्तो रिको या अमेरिकेच्याच ताब्यातल्या कॅरिबियन बेटाला ‘कचऱ्याचं तरंगतं बेट’ म्हटलं. दोनच दिवसांत बायडन यांनी ट्रम्प समर्थकांना कचरा म्हटल्याचा गदारोळ उठला, व्हाइट हाऊसला खुलासा करावा लागला. 30 तारखेला ट्रम्प कचऱ्याच्या ट्रकमध्ये बसून पत्रकारांशी बोलत होते. एक अपमान चार दिवसांत दोन्ही पक्षांच्या हातातून फिरला आणि प्रत्येक फेरीत फोनवर देणगीचे मेसेज आले. तुमचा संताप हा त्या यंत्रणेचा कच्चा माल असतो. त्या वाक्याला उत्तर द्यायला तो नेता तुमच्यासमोर नसतो. समोर असतो भाऊ, मग जाब त्याला विचारला जातो. आणि ज्याला दुसऱ्याच्या वाक्याचा जाब विचारला जातो, तो हळूहळू त्या वाक्याचा वकील होतो.

हे शेवटचं मी बाईंना नुसतं सांगितलं होतं. ते त्यांना दादाकडूनच ऐकायला मिळालं.

त्या वर्षी भाऊबीज 3 नोव्हेंबरला, रविवारी होती. मतदान मंगळवारी. मॅडिसन स्क्वेअरच्या सभेनंतर बाईंनी दादाला ‘या वेळी येऊ नकोस’ असा मेसेज लिहून ठेवला होता, पाठवला नव्हता. तो त्यांनी मला दाखवला. मी म्हटलं, “पाठवायचा की नाही हे तुम्ही ठरवा. पण बोलावलंत तर त्यांना एकच विचारा, ‘तू का हसलास?’ उत्तर आल्यावर पुरावे काढायचे नाहीत. मग तुमच्या मनातलं एक वाक्य सांगा, तुमच्याबद्दलचं. ट्रम्पबद्दलचं नाही.”

दादा आला. ओवाळून झालं, वहिनी आणि मुलं खाली गेली, तेव्हा त्यांनी विचारलं. तो आधी म्हणाला, “झालं सुरू?” त्या गप्प राहिल्या. मग तो जे बोलला ते त्यांनी मला शब्दशः सांगितलं, आणि त्यासाठीच मी हा सगळा लेख लिहिते आहे.

“मला ते ऐकून लाज वाटली होती. काहीतरी करायचं म्हणून हसलो. वळून बघतो तर तू माझ्याकडे अशी बघत होतीस, जणू मीच ते बोललो. मग कबूल करायची इच्छाच गेली. परवा त्या कचऱ्याच्या विनोदानंतर शेजारचे काका भेटले, पोर्तो रिकोचेच आहेत. बर्फ पडला की माझाही ड्राइव्हवे साफ करून देतात. त्यांच्याशी नजर मिळवता येईना. हे तुला सांगावं असं वाटलं होतं. पण तू काय म्हणशील ते माहीत होतं.”

बाईंनी त्यांचं वाक्य सांगितलं. “दादा, बाहेरून आलेल्यांबद्दल असं बोललं की मला वाटतं ते तुझ्यामाझ्याबद्दल बोलताहेत. तू माझ्या बाजूनं उभा नाहीस असं वाटून मला भीती वाटली.”

राग म्हणून जे दोन महिने माझ्यासमोर मांडलं जात होतं, त्याचं खरं नाव भीती. माझ्या अनुभवात दहापैकी आठ वेळा ते तसंच निघतं. आपल्या माणसाला ‘तू चुकतोयस’ म्हटलं की तो लढतो. ‘मला भीती वाटते’ म्हटलं की तो निदान थांबतो. दोन महिन्यांच्या वादविवादात जे झालं नव्हतं ते त्या पंधरा मिनिटांत झालं. याचं श्रेय त्या भावाबहिणीचं. वाट दाखवण्यातला आपला वाटा मात्र मी नाकारणार नाही.

दादानं मत बदललं नाही. पेनसिल्व्हेनियासह सातही अटीतटीची राज्यं ट्रम्प यांनी जिंकली. बुधवारी सकाळी बाईंचा फोन आला तेव्हा त्या खचल्या होत्या, पण दादावर नाही. मतदानाआधीचा शनिवार त्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या बक्स काउंटीत दारोदार फिरून मतदारांशी बोलण्यात घालवला होता. हेही आमच्या बोलण्यातून निघालेलं. रागाला काम हवं असतं. काम मिळालं नाही तर तो जेवणाच्या टेबलावर येऊन बसतो. तुम्ही कुठल्याही पक्षाचे असा, पंधरा व्हिडिओ पाहण्याऐवजी एका अनोळखी मतदाराशी नीट बोला. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उमेदवारांच्या क्लिप टाकू नका. तिथे एकालाही पटत नाही आणि सगळ्यांना दुखतं. सांगायचंच असेल तर एकाला फोन करा. आणि घरातलं कुणी तुम्हाला कडू शब्द वापरत असेल, त्या रडलेल्या गृहस्थांसारखं, तर ‘हा शब्द मला नको’ एवढं सांगून उठायचा हक्क तुम्हाला आहे. ऐकून घेणं म्हणजे अपमान सोसणं नव्हे.

20 जानेवारी 2025 ला शपथविधीच्याच दिवशी जन्मानं मिळणाऱ्या नागरिकत्वावर बंधन आणणारा आदेश निघाला. आईवडील एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असताना इथे जन्मणारी बाळंही त्यात येत होती. पुढे न्यायालयांनी तो अडवला. दादाची दोन्ही मुलं तो रांगेत असतानाच जन्मलेली. या वेळी फोन त्यानं केला.

“मत दिल्याचा पस्तावा नाही. पण हे चुकीचं आहे,” तो म्हणाला.

‘बघ, मी सांगत होते ना’ हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून त्यांनी विचारलं, “मग काय करायचं म्हणतोस?” दोघांनी आपापल्या भागातून काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकी संसदेवर, निवडून गेलेल्या सदस्याला पत्र लिहिलं. दादानं त्याचं, यांनी यांचं, आणि पाठवण्याआधी एकमेकांना वाचून दाखवलं.