घोडदळाच्या किल्ल्यावरच्या जुन्या अमेरिकन टीव्ही मालिकांपैकी एकच पाहायची तर कोणती पाहावी? आणि त्यात खरं किती असतं?

'एफ ट्रूप' पाहा. ती विनोदी आहे, आणि 'रिन टिन टिन' किंवा 'बूट्स अँड सॅडल्स' यांच्यासारख्या गंभीर मालिका बाजूला ठेवून मी तिचं नाव पूर्ण विचारांती सांगतोय.

आधी थोडक्यात कथा. यादवी युद्धाच्या अखेरीस विल्टन पार्मेंटर नावाचा साधा शिपाई वरिष्ठांचे धुतलेले कपडे आणायला निघालेला असतो. त्याला शिंक येते, ती सैनिकांना 'चार्ज' अशी ऐकू येते, सगळे शत्रूवर तुटून पडतात आणि लढाई जिंकतात. बक्षीस म्हणून त्याला पदक मिळतं, कप्तानपद मिळतं आणि पश्चिमेकडचा फोर्ट करेज हा किल्ला मिळतो. किल्ला खरा चालवतो तो सार्जंट ओरूर्क. कॉर्पोरल अगार्नला हाताशी धरून त्याने शेजारच्या हेकावी या काल्पनिक मूलनिवासी जमातीशी भागीदारीत चोरटा धंदा मांडलाय: वस्तू आणि दारू ते बनवतात, विकतो हा. गावातला दारूचा गुत्ताही त्याचाच. कप्तानाला यातलं काहीच ठाऊक नाही. एबीसी वाहिनीवर सप्टेंबर १९६५ ते एप्रिल १९६७ या काळात असे ६५ भाग झाले.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण मला सांगायचंय ते तिथेच आहे. गंभीर मालिकांत अर्ध्या तासात बिगुल वाजतो, हल्ला होतो आणि सूर्यास्ताआधी सगळं निस्तरलेलं असतं. प्रत्यक्षात घोडदळात पाच वर्षांसाठी भरती झालेल्या कित्येक शिपायांच्या वाट्याला लढाई क्वचितच आली. त्यांचे दिवस लाकूड तोडण्यात, गवत कापण्यात, घोड्यांना खरारा करण्यात, बराकी आणि रस्ते बांधण्यात गेले. १८७०च्या दशकात साध्या शिपायाचा पगार महिना १३ डॉलर होता. १८६७ ते १८९१ या काळात भरती झालेल्यांपैकी जवळपास एक तृतीयांश सैनिक पळून गेले, यावरून तिथल्या आयुष्याची कल्पना यावी. भरतीत आयरिश आणि जर्मन स्थलांतरित खूप होते. ओरूर्क हे आडनाव आयरिश आहे, आणि त्याच्या तुकडीतला एक जवान बहुतेक वेळ जर्मनच बोलतो. हसवण्यासाठी घातलेली ही पात्रं तेव्हाच्या हजेरीपटात सहज खपली असती.

धंद्याचं तर विचारूच नका. किल्ल्यावर सैनिकांना माल विकणारा अधिकृत व्यापारी नेमण्याचा अधिकार १८७०मध्ये थेट युद्धमंत्र्याकडे आला. तेव्हाचे युद्धमंत्री विल्यम बेलनॅप यांच्या घरी फोर्ट सिल या किल्ल्यावरच्या दुकानातून नियमित पैसे पोचत होते. तिथला व्यापारी आपली जागा टिकवण्यासाठी एका मध्यस्थाला रक्कम देई आणि मध्यस्थ त्यातला वाटा पुढे धाडी. हा पैसा निघे तो शिपायांच्या खिशातून, चढ्या भावांच्या रूपाने. प्रकरण फुटल्यावर २ मार्च १८७६ रोजी बेलनॅपनी घाईघाईने राजीनामा दिला, तरी प्रतिनिधीगृहाने त्याच दिवशी त्यांच्यावर महाभियोग लावला. सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं पडली नाहीत म्हणून ते सुटले. हे वाचल्यापासून मला ओरूर्कची भानगड अजिबात अतिशयोक्त वाटत नाही. त्या काळचा हा व्यवहार गंभीर मालिकांना हाताळायचा नव्हता, विनोदी मालिकेने तो मध्यभागी ठेवला.

खोटं काय, तेही सांगतो. भोवती ओंडक्यांचा मेढेकोट ही बरीचशी पडद्यावरची गोष्ट. नैर्ऋत्येकडचे आणि मैदानी प्रदेशातले बहुतेक किल्ले उघडे असत: मधे कवायतीचं मैदान आणि चहूबाजूंनी बराकी. टेक्सासमधला फोर्ट डेव्हिस जपून ठेवलेला आहे, त्याला तट नाही. तिथे १८६६मध्ये उभारलेल्या नवव्या आणि दहाव्या घोडदळाचे कृष्णवर्णीय सैनिक तैनात होते. सरहद्दीवरच्या सैन्याचा हा मोठा भाग 'एफ ट्रूप'च्या तुकडीत दिसत नाही, आणि ही उणीव मला फार खटकते.

त्याहून जास्त खटकतं मूलनिवासींचं चित्रण. हेकावी हुशार, व्यवहारी आणि लढाईचा कंटाळा असलेले दाखवलेत. त्या काळच्या मानाने हे बरंच म्हणायचं. पण प्रमुख वाइल्ड ईगलची भूमिका केलेले फ्रँक डी कोवा इटालियन वंशाचे होते, जमातीतल्या इतर मुख्य भूमिकाही मूलनिवासी नटांना मिळाल्या नाहीत, आणि त्यांच्या तोंडी मोडकंतोडकं इंग्रजी घातलंय. ज्या घोडदळाची ही गंमत चालते त्याच घोडदळाच्या सातव्या रेजिमेंटने २९ डिसेंबर १८९० रोजी वुंडेड नी इथे दीडशेच्या वर लाकोटा या मूलनिवासी जमातीची माणसं मारली, त्यांत बायका आणि मुलं होती. मालिका पाहताना हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

जाता जाता, 'रिन टिन टिन'चे निर्माते हर्बर्ट लेनर्ड यांनी हाच साचा आपल्याकडच्या वायव्य सरहद्दीवरही वापरला होता: 'टेल्स ऑफ द सेव्हन्टी-सेव्हन्थ बंगाल लान्सर्स', एनबीसीवर १९५६-५७मध्ये. अपाचे मूलनिवासी गेले आणि पठाण आले, चित्रीकरण मात्र कॅलिफोर्नियातच.

'एफ ट्रूप' दोनच वर्षांत संपली ती प्रेक्षक पळाले म्हणून नव्हे. मालिका बनवणाऱ्या वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओची मालकी सेव्हन आर्ट्स या कंपनीकडे गेली, आणि अर्ध्या तासाच्या मालिकेने स्टुडिओची एवढी जागा अडवणं नव्या मालकांना परवडेना, असं ओरूर्क साकारणारे फॉरेस्ट टकर सांगत. रंगीत चित्रीकरणाचा वाढीव खर्चही होताच.

सुरुवात पहिल्याच भागापासून करा, शिंकेचा प्रसंग त्यातच आहे. नंतर पहिल्या वर्षाचे ३४ कृष्णधवल भाग आधी संपवा. रंगीत ३१ भागांपेक्षा त्यांचं लेखन मला जास्त घट्ट वाटतं. अगार्न झालेल्या लॅरी स्टॉर्चकडे खास लक्ष द्या. या कामासाठी १९६७मध्ये त्यांना एमी या टीव्ही पुरस्काराचं नामांकन मिळालं होतं.