वाचकांचे प्रश्न : जुन्या मारुतीची शर्यतगाडी

प्रश्न : काकांची 1998 सालची मारुती 800 सहा वर्षांपासून गोठ्याशेजारी उभी आहे, इंजिन मात्र सुरू होते. मी आणि माझा चुलत भाऊ तिची शर्यतीची गाडी करून घरच्याच पडीत वावरात घड्याळ लावून चालवू इच्छितो. इंजिनाची ताकद वाढवण्यावर खर्च करावा का? आतला संरक्षक सांगाडा गावातल्या फाटके बनवणाऱ्या वेल्डरकडून जीआय (जस्ताचा थर दिलेल्या) पाइपचा करून घेतला तर चालेल का?
— एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण जिवाचा प्रश्न तोच आहे. जीआय पाइप मुळीच वापरू नका. तो पाण्यासाठी बनवलेला असतो. वेल्डिंग करताना त्यावरचा जस्ताचा थर जळून निघणारा पांढरा धूर वेल्डरला बाधतो आणि जोडातही बारीक छिद्रे राहतात. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या नियमांनुसार सांगाड्याच्या चालकामागच्या मुख्य कमानीला कोल्ड ड्रॉन सीमलेस (थंडच ओढून बनवलेला, बिनजोडाचा) पोलादी पाइप लागतो, व्यास 45 मिलिमीटर आणि जाडी 2.5 मिलिमीटर, किंवा 50 आणि 2. तो तापवून वाकवायचा नसतो. थंडच वाकवायचा आणि वळणाची त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट ठेवायची. असा पाइप मीटरला सुमारे 2.6 किलो भरतो, म्हणून आधी सुतळीने मापे घ्या आणि मगच खरेदीला जा. गावच्या वेल्डरच्या हाताला मी कमी लेखत नाही. त्याच पाइपचे दोन तुकडे त्याच्याकडून जोडून घ्या आणि ऐरणीवर घणाने ठोकून पाहा. पाइप चेपला पण जोड टिकला, तर काम त्यालाच द्या.

सांगाडा कितीही भक्कम असला तरी तो उभा राहतो तळाच्या पत्र्यावर. मागच्या उन्हाळ्यात मी अशाच एका गाडीचे कार्पेट काढले, तेव्हा चालकाच्या टाचेखालचा पत्रा रंगासकट धड दिसत होता; पेचकस टेकवून जरा दाबला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. आपली गाडी सहा पावसाळे उभी आहे, त्यामुळे तळ आणि दारांखालची कड पेचकसाने वीत-वीत तपासा, कुजलेला भाग कापून नवा पत्रा लावा, आणि त्यानंतरच कमानीच्या प्रत्येक पायाखाली किमान 3 मिलिमीटर जाडीची, 120 चौरस सेंटिमीटरची पट्टी बसवून ती 8 मिलिमीटरच्या किमान तीन बोल्टांनी आवळा. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवा आणि पेट्रोलची टाकी गाडीपासून दूर नेऊन ठेवा. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक असते.

इंजिनावर पैसा घालू नका. 796 सीसीच्या त्या तीन सिलिंडरांची ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आतली असली, तरी गाडीचे वजनच साधारण साडेसहाशे किलो आहे. मागचे आसन, आतले अस्तर आणि काचा काढल्या की मोकळ्या मातीवर ती जेवढी धावेल तेवढे आपल्याला पुष्कळ आहे. मात्र वजन मागून उतरते आणि ओढ पुढच्या चाकांची असते, म्हणून वळणावर एकाएकी ब्रेक दाबल्यास मागची बाजू झटक्यात फिरते. हे आधी कमी वेगात अनुभवून घ्या. उरलेला पैसा ब्रेकच्या नव्या रबरी नळ्या व तेल, खोल बसण्याचे आसन, चार ठिकाणी बांधला जाणारा पट्टा, बाहेरून हाताला येणारा बॅटरी बंद करण्याचा खटका आणि अग्निशामक यांवर खर्च करा. हेल्मेटवाचून गाडी चालवू नका.

जागेविषयी थोडे सांगतो. काळ्या मातीचे वावर पावसाळ्यात चाक गिळते आणि मे महिन्यात तिच्या भेगांत 12 इंची चाक अडकून गाडी उलटू शकते, म्हणून मुरमाड पडीत निवडा. पऱ्हाटीची (कपाशीची) खुंटे मुळासकट काढा. ती टायर फोडतात, आणि वाळलेला पाचोळा तापलेल्या सायलेन्सरखाली पेट घेतो. काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते. एअर फिल्टर प्रत्येक दिवशी झटका. शंकरपटात (बैलांच्या शर्यतीत) जोडी सेकंदांवर मोजतात तशी एका वेळी एकच गाडी सोडा आणि बघ्यांना वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभे राहू देऊ नका.

ही गाडी रस्त्यावर नेता येणार नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत बदलांना मनाई करते, आणि सार्वजनिक जागी परवानगीवाचून शर्यत लावणे कलम 189 खाली गुन्हा आहे. वावर दूर असेल तर गाडी ट्रॉलीवर चढवून न्या. ती रस्त्यासाठी कायमची निकामी केल्यावर कलम 55 नुसार मालकाने, म्हणजे आपल्या काकांनी, चौदा दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला तसे कळवायचे असते. तेव्हा पत्रा कापण्यापूर्वी नोंदणीपुस्तिका शोधून ठेवा.