रोल्स-रॉईससारखी कंपनी सावरायची आहे, मग चाकणची नोकरी कशाला?

कोल्हापूरहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत सुपरवायझर आहेत. मुलगा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि चाकणच्या एका कंपनीची जीईटीची (नव्या पदवीधर इंजिनिअरला प्रशिक्षणार्थी म्हणून घेतात ती) ऑफर त्याच्या हातात आहे. पण त्याला ती नको. बुडत चाललेली रोल्स-रॉईस कशी सावरली हे त्यानं वाचलंय, वॉरन ईस्ट आणि त्यांच्यानंतर आलेले तुफान एर्गिनबिल्गिच या तिच्या प्रमुखांची नावं त्याला पाठ आहेत. आपल्यालाही असंच टर्नअराउंडचं, म्हणजे बुडती कंपनी सावरण्याचं काम करायचंय, म्हणून नोकरी न घेता वर्षभर घरी बसून एमबीएच्या प्रवेशासाठी कॅटची तयारी करतो, असं तो म्हणतो. ‘त्याचं ऐकावं का?’ असा वडिलांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार,

या एका बाबतीत ऐकू नका. मुलाची आवड मात्र खरी आहे, तिला ‘भलतं खूळ’ म्हणू नका. वीस-एकवीस वर्षांच्या पोराला आजारी कंपनी उभी करण्याची ओढ वाटते, ही चांगली गोष्ट आहे. फक्त तो ज्यांची नावं घेतो, ते तिथवर कसे पोचले हे त्यानं नीट पाहिलेलं दिसत नाही.

वॉरन ईस्ट ऑक्सफर्डचे इंजिनिअर. सुरुवात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये, सेमीकंडक्टरच्या कामात. एमबीए त्यांनीही केलं, क्रॅनफिल्डमधून, पण १९९० साली, म्हणजे पदवीनंतर काही वर्षांनी. १९९४ मध्ये ते केंब्रिजच्या एआरएम या चिप डिझाइन करणाऱ्या कंपनीत आले, २००१ मध्ये तिचे प्रमुख झाले, आणि जुलै २०१५ मध्ये रोल्स-रॉईसच्या खुर्चीत बसले तेव्हा पदवी मिळून तीस वर्षं उलटली होती. एर्गिनबिल्गिच मूळचे तुर्कस्तानचे, इस्तंबूलमध्ये पेट्रोलियम इंजिनिअरिंग शिकलेले. बीपी या तेल कंपनीत त्यांची वीसेक वर्षं गेली. दोघांपैकी कुणीही टर्नअराउंड शिकायला म्हणून कुठे गेलं नव्हतं.

आता मूळ मुद्दा. ही रोल्स-रॉईस गाड्यांची नव्हे. गाड्यांचा तो ब्रँड आज बीएमडब्ल्यूकडे आहे. ही इंग्लंडमधल्या डर्बीची विमान इंजिनांची कंपनी. मोठ्या इंजिनांत तिची खरी कमाई विक्रीवर नसते, इंजिन किती तास उडालं त्यावर असते. विमान कंपनी ताशी पैसे देते आणि त्या बदल्यात देखभाल रोल्स-रॉईसकडे. म्हणजे इंजिन पंखाखाली जितकं जास्त टिकेल तितका फायदा, आणि लवकर उतरवून ओव्हरहॉलला आणावं लागलं की पदरचा खर्च.

ईस्ट यांच्या काळात नेमकं हेच अंगाशी आलं. बोइंग ७८७ ला लागणाऱ्या ट्रेंट १००० इंजिनातली काही पाती अपेक्षेपेक्षा लवकर खराब होऊ लागली. विमानं जमिनीवर बसली, विमान कंपन्यांना भरपाई द्यावी लागली.

तुम्ही फौंड्रीतले, म्हणून त्या पात्याबद्दल सांगतो. टर्बाइनचं पातं हेही शेवटी कास्टिंगच. मेणाचा नमुना, त्यावर सिरॅमिकचं कवच, मेण वितळवून काढायचं आणि आत निकेलचा मिश्रधातू ओतायचा. पण तो अशा रीतीनं गोठवतात की अख्खं पातं एकाच स्फटिकाचं बनतं, कारण स्फटिकांच्या सांध्यांतूनच ते उष्णतेत दगा देतं. धातूच्या वितळणबिंदूहूनही जास्त तापलेल्या वायूत ते काम करतं आणि पोटातल्या बारीक वाटांनी खेळणाऱ्या हवेमुळे तग धरतं. अशा पात्यांसाठी कंपनीचा रॉदरहॅमला स्वतंत्र कारखाना आहे. तुमच्याकडे ब्लो होलमुळे (कास्टिंगमधल्या हवेच्या पोकळीमुळे) जॉब रिजेक्ट होतो तेव्हा नुकसान किलोत मोजता येतं. तिथे पात्याचं आयुष्य कमी भरलं की पुढच्या कित्येक वर्षांच्या कराराचा हिशोब बिघडतो.

धातू आणि करार हे दोन्ही एकाच डोक्यात बसले, तरच अशी कंपनी कुठे गळतेय ते दिसतं. एर्गिनबिल्गिच २०२३ च्या जानेवारीत आले आणि त्यांनी याच दोन टोकांना हात घातला. तोट्यातले करार नव्यानं बोलून घेतले आणि इंजिन पंखाखाली जास्त काळ टिकावं यासाठी सुमारे १०० कोटी पौंडांचा कार्यक्रम लावला. २०२२ मध्ये कंपनीचा मूळ व्यवसायातला नफा सुमारे ६५ कोटी पौंड होता, तो २०२४ मध्ये २४६ कोटींवर गेला.

याचं सगळं श्रेय त्यांनाच दिलं जातं, ते मला पटत नाही. २०२० मध्ये कोविडनं मोठ्या इंजिनांचे उड्डाणतास आदल्या वर्षाच्या निम्म्याच्याही खाली आले, ताशी कमाई आटली, तेव्हा भागधारकांकडून २०० कोटी पौंड उभे करून ईस्ट यांनी कंपनी जगवली. पुढे उड्डाणं पूर्ववत झाली, त्याचा लाभ नंतरच्या माणसाला मिळाला. अशी वेळ आधीही आली होती. ४ फेब्रुवारी १९७१ रोजी हीच कंपनी आरबी२११ इंजिनाच्या खर्चापायी दिवाळखोरीत गेली होती. सरकारनं ती ताब्यात घेतली, पण इंजिन मार्गी लावायला निवृत्त झालेले इंजिनिअर स्टॅन्ली हूकर यांना परत बोलवावं लागलं. आजची ट्रेंट इंजिनं त्याच आरबी२११ च्या वंशातली.

आणखी एक गोष्ट मुलाशी बोलाच. मे २०२० मध्ये रोल्स-रॉईसनं ५२,००० पैकी किमान ९,००० नोकऱ्या कमी करण्याचं जाहीर केलं. डर्बीत पिढ्यान्‌पिढ्या याच कारखान्यावर चूल पेटलेली घरं आहेत. टर्नअराउंडच्या कामात अशा यादीवर सही करावी लागते. ज्यानं स्वतः तिसऱ्या शिफ्टला काम केलंय, त्याला त्या यादीतली माणसं दिसतात, आणि नेमकी कुठली माणसं गमावली तर मशीन चालणार नाही हेही कळतं. हे घरी बसून अभ्यासानं येणार नाही.

म्हणून चाकणला जाऊ द्या. प्रॉडक्शन किंवा क्वालिटी मिळाली तर उत्तम. डिझाइनसाठी हट्ट नको. निदान दोन-तीन वर्षं रिजेक्शन का होतं, ब्रेकडाऊन का होतो, एका पार्टचं कॉस्टिंग कसं बसतं, हे त्यानं खणून काढावं. जोडीला ताळेबंद आणि कॅश फ्लो वाचायला शिकावं. रोल्स-रॉईसचे वार्षिक अहवाल तिच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. २०१६ चा अहवाल आधी घ्या. त्यात ४६० कोटी पौंडांचा तोटा दिसेल. त्यातला बहुतेक भाग ब्रेक्झिटनंतर पौंड घसरल्यानं चलनाच्या करारांवर दाखवावा लागलेला होता. मशीन तितकी बिघडली नव्हती. हा फरक त्याला स्वतःहून सापडला तर तो योग्य मार्गावर आहे असं समजा.

कॅट नोकरी करताकरता देता येते, आणि एमबीएच्या प्रवेशात कामाचा अनुभव उपयोगीच पडतो. आपल्याकडे २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनंतर आजारी कंपन्या सावरण्याचं क्षेत्र बरंच खुलं झालंय, पण तिथेही नोंदणीकृत व्यावसायिक व्हायला परीक्षेबरोबर साधारणपणे बऱ्याच वर्षांचा अनुभव लागतो. घाई करून फायदा नाही.

होकार कळवण्याआधी ऑफर लेटरमधली बाँडची अट मात्र दोघांनी मिळून वाचा. किती वर्षांचा आहे, मध्येच सोडल्यास किती रक्कम भरावी लागेल आणि मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणार आहेत का, हे एचआरला ईमेलवर विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. मूळ प्रमाणपत्रं मागितली तर देऊ नका, साक्षांकित प्रती द्या.