जेआरडी टाटांच्या १९३२ च्या उड्डाणाचं एवढं कौतुक का? आणि छोटं विमान चालवण्यात असं काय असतं?

तुम्ही विचारलंय की एक माणूस टपालाची थैली घेऊन कराचीहून मुंबईला आला, त्याची आठवण दर १५ ऑक्टोबरला का काढतात, आणि आजच्या काळात कुणी हौसेने छोटं विमान शिकतो तेव्हा त्याला नेमकं काय मिळतं. मी चाळिशी ओलांडल्यावर भीमा-नीरेच्या पट्ट्यातल्या एका छोट्या धावपट्टीवर शिकायला लागलो. वैमानिक हा माझा पेशा नाही. पण दोन्ही प्रश्नांवर मला मनापासून बोलायचंय, आणि सुरुवात स्पार्क प्लगपासून करतो.

मी शिकलो ते सेस्ना १५२. दोन सीटचं विमान, रिकामं वजन पाचशे किलोच्या आसपास, म्हणजे जुन्या मारुती ८०० पेक्षाही हलकं. इंजिनाला चार सिलिंडर आणि प्रत्येकात दोन-दोन प्लग. एक संच डाव्या मॅग्नेटोवर, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या यंत्रावर चालतो, दुसरा उजव्या. एक दगावला तरी दुसऱ्यावर इंजिन चालू राहावं म्हणून. धावपट्टीवर जाण्याआधी इंजिनाचे फेरे मिनिटाला १७०० वर नेऊन दोन्ही मॅग्नेटो आळीपाळीने तपासायचे. फेरे थोडे उतरतातच, १२५ पर्यंत चालतं. एका सकाळी मी चावी फिरवून एकाच मॅग्नेटोवर आलो आणि काटा सरळ दोनशेने खाली गेला. सगळं विमान थरथरायला लागलं, पेडलवर ठेवलेल्या पावलांना ते कळत होतं. सर शांतपणे म्हणाले, "प्लगवर काजळी धरलीय." त्यांनी मिश्रणातलं इंधन कमी केलं, इंजिन जरा तापू दिलं आणि पुन्हा तपासायला सांगितलं. या खेपेला फेरे साठच उतरले. मग ते एवढंच म्हणाले, "ठरवा, जायचं का?"

त्या दिवशी घरी येऊन मी जेआरडींची १९३० ची गोष्ट पुन्हा वाचली. आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. इंग्लंड ते भारत हे अंतर, कुठल्याही बाजूने का होईना, ठरलेल्या मुदतीत एकट्याने उडून जाणाऱ्या पहिल्या भारतीयाला ते मिळणार होतं. जेआरडी कराचीहून निघाले, तर तिकडून इंग्लंडहून अस्पी इंजिनिअर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा निघाला. दोघांकडे जिप्सी मॉथ, म्हणजे लाकूड-कापडाचं, उघड्या कॉकपिटचं, दोन मजली पंखांचं विमान. इजिप्तमध्ये अबुकीरला जेआरडी उतरले तेव्हा अस्पी तिथे अडकून पडला होता. प्लग खराब झालेले, आणि जवळ जादा प्लग नाहीत. जेआरडींनी आपल्याजवळचे काढून दिले. अस्पी पुढे निघाला आणि जेआरडींच्या काही तास आधी मुक्कामाला पोहोचून बक्षीस घेऊन गेला. हाच मुलगा पुढे १९६० मध्ये हवाई दलाचा प्रमुख झाला.

ही गोष्ट मी आधीही वाचली होती, तेव्हा ती मला फक्त मोठ्या मनाची वाटली. थरथरतं विमान पायांखाली अनुभवल्यावर कळलं की जेआरडींनी दिलं ते बक्षिसापेक्षा मोठं होतं. पुढे अख्खा भूमध्य समुद्र ओलांडायचा असताना आपल्या सामानातले प्लग काढून द्यायचे, तेही स्पर्धेतल्या माणसाला!

आता १९३२. जेआरडींकडे १० फेब्रुवारी १९२९ चा परवाना होता, भारतात दिलेला पहिला. १५ ऑक्टोबर १९३२ ला सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी ते कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून पस मॉथ नावाच्या एका इंजिनाच्या छोट्या विमानात बसून निघाले. सोबत इंग्लंडहून आलेलं टपाल होतं. रेडिओ नाही, जमिनीवरून वाट दाखवणारं काही नाही. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून विमानापाशी आले. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी ते जुहूला उतरले. तिथून टपाल पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं ते नेव्हिल व्हिन्सेंट यांनी. टाटांच्या या हवाई टपाल सेवेची मूळ कल्पनाच त्यांची होती, आणि त्यांचं नाव आपल्याकडे फार कमी घेतलं जातं याचं मला वाईट वाटतं.

पण मला विचाराल तर मी हात जोडतो ते त्या दिवसाला नाही, पुढच्या पावसाळ्याला. जुहूचं मैदान मातीचं. पावसाळ्यात भरतीला ते पाण्याखाली जायचं. मग ही मंडळी दोन विमानं आणि सगळा बाडबिस्तरा घेऊन पुण्याला यायची आणि येरवडा तुरुंगाच्या सावलीतल्या एका मैदानावरून उडायची. जुलैत खंडाळ्याला धुक्यात उभे राहिला असाल तर डोळ्यांसमोर आणा. ढग डोंगराला टेकलेले, पुढच्या काचेवर पाणी, एकच इंजिन, आणि खाली उतरायला जागा नाही. तरी सेवेच्या त्या पहिल्या वर्षात मुंबईचं किंवा मद्रासचं टपाल कराचीहून पुढे इंग्लंडला जाणाऱ्या जोडविमानाला एकदाही चुकलं नाही. पहिलं उड्डाण एकदाच करायचं असतं. हे मात्र आठवड्यामागून आठवडा करायचं होतं, आणि ज्या दिवशी जाऊ नये असं मन सांगतं त्या दिवशी नीट विचार करून ठरवायचं होतं. धाडस म्हणतात ते मला यात दिसतं.

आनंदाचं विचारलंत. माझ्या पहिल्या एकट्याच्या उड्डाणाला सर उतरले, उजव्या सीटचा पट्टा बांधून ठेवला, दार लावलं. एका माणसाचं वजन कमी झाल्यामुळे विमान नेहमीपेक्षा लवकर जमीन सोडतं, हे मला सांगितलेलं होतं, तरी मी दचकलो. वर गेल्यावर शेजारी पाहिलं तर रिकाम्या सीटवर तो बांधलेला पट्टा. त्या सहा-सात मिनिटांत मी घर, नोकरी, कर्ज, कशाचाही विचार केला नाही.

पुढे नकाशावर पेन्सिलीने रेघ ओढून, होकायंत्र आणि घड्याळ यांच्या भरवशावर जायला शिकलो. अमुक मिनिटांनी दौंडची रेल्वेलाइन दिसली पाहिजे असा हिशेब करायचा. वाऱ्याने ढकललेलं असतं, म्हणून ती जरा उजवीकडे सापडते. ऊस, कालव्याची सरळ रेघ, लांबवर उजनीचं पाणी. आणि रूळ जिथे असायला हवेत तिथे खरंच सापडले की जो आनंद होतो, तो मला दुसऱ्या कशात मिळालेला नाही.

हे सगळं जुन्या काळाबरोबर संपलं असंही नाही. जेआरडींनी स्वतः १९८२ मध्ये, ७८ व्या वर्षी, लेपर्ड मॉथ हे तसलंच जुनं छोटं विमान घेऊन कराची-मुंबई पुन्हा केलं. २०१९ मध्ये छोट्या हलक्या विमानातून अटलांटिक एकटीने ओलांडणाऱ्या बोरिवलीच्या आरोही पंडितने १५ ऑक्टोबर २०२१ ला भुजहून अहमदाबादमार्गे जुहू गाठलं, तेही जीपीएसशिवाय.

तुम्हाला शिकायचं असेल तर दहावी आणि १६ वर्षं पूर्ण असली की विद्यार्थी परवान्यासाठी अर्ज करता येतो. खासगी परवान्याला १७ वर्षं वय, वैद्यकीय तपासणी आणि किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. खर्च बराच आहे, तो आधी नीट विचारून घ्या. त्याआधी एखाद्या प्रशिक्षण संस्थेत विचारा, प्रशिक्षकाबरोबर एकदा वर जाता येईल का. हिवाळ्यातली सकाळ निवडा, हवा स्थिर असते. पोटात हलकं काहीतरी असू द्या. आणि निघण्याआधी मॅग्नेटो तपासतील तेव्हा बाहेर बघू नका, फेऱ्यांच्या काट्याकडे बघा. तो थोडा खाली येतो आणि थांबतो.